कार्ड दिल्यानंतर : सिकलसेलच्या खोलीत मला उमगलेल्या नऊ गोष्टी

१९९१च्या पावसाळ्यात एक बाई चौदा महिन्यांची पोर पाठीला बांधून आमच्या दवाखान्यात आली. पोरीचे दोन्ही पंजे आणि पाऊलं टम्म फुगली होती. आईने एरंडाची पानं गरम करून बांधली होती. पोर रडून रडून थकली होती, आता नुसती कण्हत होती. तिच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात रसायनाचा थेंब मिसळला आणि वरच्या काचेच्या कडा व्हॅसलिनने बंद केल्या. अर्ध्या तासाने लॅबमधल्या दादांनी मला हाक मारली, "सिस्टर, बघा." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मघाशी गोल गरगरीत दिसणाऱ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या. पुढच्या तपासणीत निदान पक्कं झालं. पोरीला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार होता.

मी मूळची नगरची, एका पाळकाची मुलगी. मिरजेला नर्सिंग शिकले आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा मिशन दवाखान्यात बत्तीस वर्षं काढली. त्यातली निम्मी वर्षं सिकलसेलच्या समुपदेशनात गेली. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांतली माणसं समोर बसायची. त्यांच्यात ख्रिस्ती होते, नसलेलेही होते. जनुक, गर्भचाचणी, जनुक-उपचार हे शब्द तिथे पुस्तकातून आले नाहीत. कुणाच्या तरी लग्नाच्या किंवा पोटातल्या लेकराच्या रूपाने आले. ख्रिस्ती माणसाने या गोष्टींकडे कसं पाहावं, हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. जे उमगलं ते त्या खोलीत, आणि बरंचसं चुका करून. ते क्रमाने लिहिते आहे.

१. 'हे कुणाचं पाप?' हा प्रश्न आधी मिटवावा

त्या पोरीच्या आजीचा पहिला प्रश्न हाच होता. सासरकडचे म्हणाले, माहेरच्या रक्तात खोट आहे. मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ तर म्हणाले, बापाचं पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचतं असं शास्त्रातच आहे. आई मान खाली घालून ऐकत होती.

त्या दिवशी मी पवित्र शास्त्र काढलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य अगदी हाच प्रश्न विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. मग थुंकीने माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायातही बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले ही म्हण पुन्हा तोंडी आणू नका, असं देव बजावतो.

पण नुसतं वचन सांगून भागत नाही, समजावूनही द्यावं लागतं. आमच्या भागात पोरं चिंचोके फोडून सारीपाट खेळतात. अर्ध्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, एक काळी. मी असे दोन अर्धे चिंचोके टेबलाच्या खणात ठेवायला लागले. एक आईचा, एक बापाचा. दोघेही नुसते वाहक, तब्येतीने ठणठणीत. चिंचोके टाकायचे. दोन्ही पांढरे पडले तर लेकराला आजार. एक पांढरा, एक काळा पडला तर लेकरू आईबापांसारखंच वाहक. दोन्ही काळे पडले तर काहीच नाही. चारात एक, चारात दोन, चारात एक. आणि दर खेपेला डाव नवा. "एक पोर आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली," असं मानून बसलेल्या कितीतरी आईबापांना मी चिंचोके स्वतःच्या हाताने टाकायला लावले. दोनदा लागोपाठ पांढरे पडले की त्यांना आपोआप कळायचं.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगायची. रक्तातलं हे एक बदललेलं अक्षर या भागात टिकलं, कारण ज्याच्याकडे त्याची एकच प्रत असते त्याला जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. ज्याला तुम्ही खोट म्हणता, त्यानेच तुमच्या कितीतरी पणज्या-खापरपणज्यांना जगवलं असेल. हे ऐकून त्या दिवशी आईने पहिल्यांदा मान वर केली.

२. प्रयोगशाळाही देवाच्याच अंगणात आहे

एकदा बाहेरगावच्या एका प्रचारकाने सभेत सांगितलं की रक्त तपासून घेणं म्हणजे अविश्वास. सिकलसेल असलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा ते ऐकून घरी गेला आणि त्याने या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात तो आमच्याकडे बैलगाडीतून आला. छातीत दुखत होतं, श्वास लागत होता. चार रात्री ऑक्सिजन आणि सलाईन चाललं. मी त्याच्या उशाशी प्रार्थनाही केली आणि दर तासाला नाडीही मोजली. त्या दोन कामांत मला कधी भांडण दिसलं नाही.

आनुवंशिकतेचे नियम पहिल्यांदा मांडणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन मठातले साधू होते. ब्रनोच्या मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं लावून, दाणे मोजून त्यांनी ते शोधले, १८६५ साली वाचून दाखवले आणि १८६६ साली छापले. माझ्या चिंचोक्यांचं गणित त्यांचंच. मानवी जनुकसंचाचा आराखडा उलगडण्याच्या प्रकल्पाचं अमेरिकेतलं नेतृत्व फ्रान्सिस कॉलिन्स यांनी केलं. ते तरुणपणी नास्तिक होते, वैद्यकीची वाट चालताना ख्रिस्ती झाले. जनुकात डोकावणं म्हणजे देवाच्या कपाटाला हात घालणं, असं या दोघांनाही वाटलं नाही.

तो मुलगा बरा होऊन निघाला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "प्रार्थनेला जाशील तेव्हा गोळी खिशात ठेवून जा." तो अजून ठेवतो.

३. निकाल ज्याचा, त्याच्याच हाती द्यावा

ही माझी चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्याचा मला हक्क नाही.

शाळेतल्या तपासणीत एक मुलगी वाहक निघाली. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तिला काहीच होणार नव्हतं. तिचं लग्न ठरलेलं होतं. तिची होणारी सासू दवाखान्यात दुसऱ्या कामासाठी आली होती. मी तिला चांगल्या हेतूने सांगितलं, "तुमच्या मुलाचंही रक्त तपासून घ्या, मुलगी वाहक आहे." मुलाचं रक्त कुणी तपासलंच नाही. आठ दिवसांत लग्न मोडलं. मुलगी माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, मला आधी का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तिची मी माफी मागितली, तिने ती दिली, पण मोडलेलं ते मोडलंच. त्यानंतर मी निकाल बंद लिफाफ्यात द्यायला लागले, तोही एकांतात, आणि आधी 'वाहक' या शब्दाचा अर्थ समजावूनच. माणसाच्या रक्तातली गोष्ट ही त्याने देवापुढे उघड करावी तशी खाजगी असते. ती दुसऱ्याच्या कानावर घालण्याचा अधिकार परिचारिकेला नाही, पाळकालाही नाही.

४. लग्नाआधी तपासावं, पण चर्चच्या दारात अडवू नये

आमच्या मंडळ्यांत लग्नाआधी तीन रविवार उपासनेत घोषणा वाचली जाते. एका पाळकसाहेबांनी सुचवलं की सिकलसेल चाचणीचं कार्ड दाखवल्याशिवाय घोषणाच वाचायची नाही. हेतू चांगला होता, पण मला ती लग्न मोडलेली मुलगी आठवली.

सायप्रस बेटावर असं झालेलं आहे. तिथे थॅलसेमिया हा असाच आनुवंशिक रक्तविकार फार. १९८३पासून तिथलं ऑर्थोडॉक्स चर्च लग्नाआधी चाचणीचं प्रमाणपत्र मागतं. पण त्या कागदावर निकाल नसतो. चाचणी झाली आणि समजावून सांगितलं, एवढीच नोंद असते. निकाल फक्त त्या दोघांना कळतो. तिथल्या अनुभवाची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. दोघेही वाहक निघाले तरी बहुतेक जोडप्यांनी लग्नं मोडली नाहीत. त्यांनी लग्न केलं आणि पुढे गर्भचाचणीचा मार्ग धरला. म्हणजे चर्चला जो प्रश्न टाळायचा होता, तो लग्नानंतर पुन्हा समोर आलाच.

आम्ही मधली वाट काढली. घोषणेआधी पाळकसाहेब दोघांना घरी बोलावत. संसार, पैसा, सासर-माहेर या गोष्टींबरोबरच चाचणीबद्दलही बोलत. कार्ड कुणी मागत नसे. तरीही बहुतेक जोडपी आपणहून तपासून यायची. याहून चांगलं म्हणजे दहावीच्या वयातच तपासणी आणि समजावणी. मन गुंतण्याआधी कळलेली गोष्ट माणूस शांतपणे पेलतो.

५. पोटातल्या लेकराविषयी बोलताना पायातल्या वहाणा काढाव्यात

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाला सिकलसेल आहे की नाही हे सांगता येतं. आमच्या देशातला प्रसवपूर्व निदानाचा कायदा रक्ताच्या अशा आजारांसाठी चाचणीची मुभा देतो, लिंग सांगायला मनाई करतो. गर्भपाताचा कायदाही ठरावीक मुदतीत वाट मोकळी ठेवतो. कायद्याने जे चालतं, त्यापुढे ख्रिस्ती माणसाचा प्रश्न सुरू होतो.

मी मानते की आईच्या पोटातलं लेकरू देवाला ठाऊक असतं. कॅथलिक चर्चची भूमिका १९८७च्या 'डोनुम विते' या दस्तऐवजात नेमकी मांडलेली आहे. गर्भाची काळजी घेण्यासाठी किंवा त्याला बरं करण्यासाठी चाचणी करावी, आजारी निघालं तर काढून टाकायचं असं ठरवून करू नये. आम्हा प्रॉटेस्टंटांत सगळ्यांचं एकमत नाही. आईच्या जिवाला धोका असेल तर काय, लेकरू जगणारच नसेल तर काय, यावर आमच्या मंडळ्यांत मतभेद आहेत. मी माझ्यापुरतं एवढं धरून राहिले की सिकलसेल असलेलं लेकरू हे जगू शकणारं लेकरू आहे. त्याला न येऊ देण्याचा सल्ला माझ्या तोंडून कधी जाणार नाही.

महाराष्ट्राने निवडीचं एक रूप फार जवळून पाहिलं आहे. मुलगी नको म्हणून याच राज्यात गर्भजल चाचणी वापरली गेली. म्हणूनच १९८८ साली देशात सर्वांत आधी इथे त्याविरुद्ध कायदा झाला, आणि १९९४ साली देशभर. चाचणी वाईट नव्हती. 'हे लेकरू चालेल, ते चालणार नाही' हे ठरवायची सवय लागली, ती वाईट. एकदा लागलेली सवय कुठे थांबते, हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको.

तरीही एक जोडपं मी विसरणार नाही. पहिला मुलगा सिकलसेलचा. दुसऱ्या खेपेला मुंबईला जाऊन चाचणी केली, तोच निकाल आला, आणि त्यांनी गर्भ पाडला. गावात कुजबुज सुरू झाली. कमिटीत कुणी म्हणालं, यांना काही दिवस प्रभुभोजन देऊ नये. पाळकसाहेब मला विचारायला आले. मी म्हटलं, "साहेब, ठरवण्याआधी एकदा त्यांच्या घरी जेवून या."

६. 'लेकरू ठेवा' म्हणणाऱ्याने पाण्याची बाटलीही भरावी

पाळकसाहेब गेले. मीही गेले. नाचणीची भाकरी आणि उडदाचं बेसन वाढताना ती बाई बोलायला लागली. पहिल्या पोराला पाच वर्षांत अकरा वेळा भरती करावं लागलं होतं. रक्त चढवायला दोनदा तालुक्याला, एकदा सुरतेला. एक बैल विकला, मग दुसरा. नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेला की ती रात्र रात्र एकटी पोराचे गुडघे दाबत बसायची. तिने शेवटी विचारलं, "तेव्हा मंडळीतलं कोण आलं होतं, साहेब?"

कुणीच गेलं नव्हतं. मीसुद्धा तिला कार्ड दिलं, गोळ्या दिल्या, पुढची तारीख दिली आणि आत पुढच्या माणसाला बोलावलं. त्या चुलीपुढे मला कळलं की आम्ही तिला जन्म द्यायचा सल्ला दिला होता आणि जगवायचं काम तिच्या एकटीवर सोडलं होतं. ज्या मंडळीने तिचं ओझं उचललं नाही, तिला तिचं पाप मोजायचा अधिकार उरत नाही. प्रभुभोजनाचा विषय कमिटीत पुन्हा निघाला नाही.

त्या भेटीनंतर आम्ही काही साधी कामं हाती घेतली. कुठल्याही मंडळीला जमतील अशी आहेत, म्हणून सांगते:

• रक्तगटानुसार तरुणांची यादी केली. कुणाला रक्त लागलं की यादीतलं माणूस निघायचं, नातेवाइकांना वणवण करावी लागायची नाही.

• शाळेत जाऊन गुरुजींना सांगितलं की या मुलांना वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या, लघवीला अडवू नका, उन्हात कवायतीला उभं करू नका. पाणी कमी पडलं की पेशी वाकतात आणि दुखणं उठतं.

• थंडीच्या आधी गोधड्या शिवून द्यायच्या. ही जबाबदारी महिला मंडळाने घेतली. गारठा हा या आजाराचा मोठा वैरी.

• ताप आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. त्यासाठी एक जीप आणि डिझेलचा डबा. खर्च अर्पणातून.

• आईला आठवड्यातून एक रात्र झोप. शेजारची एक बाई पोराजवळ बसायची.

यात धर्मशास्त्र कुठे आलं, असं कुणी विचारेल. पौल करिंथकरांना लिहितो की शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे असतात. आमच्याकडे त्याचा अर्थ गोधडी असा झाला.

७. चालत्या-बोलत्या माणसाला बरं करणं वेगळं, पुढच्या पिढ्या घडवणं वेगळं

१९९१ची ती पोर पहिल्या सहा महिन्यांत चांगली होती, पंजे नंतर सुजले. याचं कारण, गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर काही महिने रक्तात राहतं आणि पेशींना वाकू देत नाही. मग शरीर ते बनवणं बंद करतं. शास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा धागा पकडला. कास्गेव्ही नावाच्या उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी काढून घेतात. गर्भातलं हिमोग्लोबिन बंद ठेवणारी जी कळ असते, ती क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने निकामी करतात. केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा साफ करतात आणि दुरुस्त पेशी परत सोडतात. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. हा उपचार २०१९ साली अमेरिकेत सिकलसेलसाठी पहिल्यांदा घेणाऱ्या व्हिक्टोरिया ग्रे या ख्रिस्ती बाई आपल्या विश्वासाबद्दल मोकळेपणाने बोलतात.

ही बातमी वाचली तेव्हा मी खुर्चीत बसून रडले. इतकी वर्षं माझ्या हातात फक्त सलाईन, गोळ्या आणि गरम पाण्याची पिशवी होती.

यात ख्रिस्ती माणसाला आक्षेप घेण्यासारखं मला काही दिसत नाही. पेशी रुग्णाच्याच, संमती त्याची, बदल त्याच्यापुरता. केमोथेरपीचा धोका आहे, मूल होण्याच्या शक्तीवर परिणाम होऊ शकतो, ते आधी स्पष्ट सांगायला हवं. २००८च्या 'दिग्नितास पर्सोने' या कॅथलिक दस्तऐवजानेही अशा उपचाराला तत्त्वतः योग्यच म्हटलं आहे. त्याच दस्तऐवजाने पुढच्या पिढ्यांत उतरणारे बदल मात्र सध्याच्या स्थितीत अमान्य केले. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या हे जियांकुई या शास्त्रज्ञाने गर्भाची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. त्या लेकरांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या लेकरांनाही कुणी विचारणार नव्हतं. त्या शास्त्रज्ञाला तुरुंगवास झाला. रोग्याच्या खाटेशी बसणारा माणूस आणि अजून न जन्मलेल्यांचा नकाशा आखणारा माणूस यांच्यातलं अंतर मला त्या बातमीने दाखवलं.

आपल्या देशातही काम चाललं आहे. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेने सुरू केलेल्या वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर जनुक-उपचार झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, आणि पाचही जणांचा वारंवार होणारा रक्तस्राव थांबला. मिशन दवाखाना म्हणजे जुनाट काहीतरी, असं मानणाऱ्यांना मी हे अभिमानाने सांगते.

८. किंमत हाही नीतीचाच प्रश्न

कास्गेव्हीची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर ठरली. त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये. बैल विकून रक्त चढवणाऱ्या बाईला मी हा आकडा कोणत्या तोंडाने सांगू? जनुकांबद्दल बोलताना आम्ही ख्रिस्ती लोक 'देवाच्या कामात ढवळाढवळ' यावर तासभर बोलतो, आणि किमतीवर दोन मिनिटंही नाही. पण शोमरोनी माणसाच्या दाखल्यात प्रभूने पैशाची गोष्ट सोडलेली नाही. त्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, खानावळवाल्याला दोन दिनार दिले आणि वर लागेल ते परत येऊन देईन म्हणाला. उपचार कुणी केला याइतकंच पैसे कुणी दिले हेही त्या गोष्टीत आहे.

म्हणून काही गोष्टी मला आशेच्या वाटतात. २०१९ साली अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, तेव्हा कॉलिन्स यांच्याच नेतृत्वाखाली, आणि गेट्स फाउंडेशन यांनी आफ्रिकेतल्या गरीब रुग्णांनाही परवडेल असा सिकलसेल आणि एचआयव्हीचा जनुक-उपचार शोधायला मिळून वीस कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. दिल्लीतल्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार घडवला आहे. त्याला बिरसा मुंडा यांचं नाव दिलं आहे आणि तो पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या साथीने पुढे नेला जातो आहे. तो गावापर्यंत येईपर्यंत हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी, पेनिसिलिन, लस आणि फोलिक अॅसिड दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळालंच पाहिजे. उद्याच्या चमत्काराची वाट पाहताना आजची गोळी संपून चालणार नाही. हे मागायला मंडळीने तहसीलदाराकडे जावं. मी गेले आहे, चार वेळा.

९. 'निर्मूलन' म्हणताना कशाचं, हे विचारावं

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवायचा, सात कोटी लोकांची तपासणी करायची. मी या कामाच्या पाठीशी आहे. पण 'निर्मूलन' शब्द ऐकला की माझ्या मनात एक जुनी भीती जागी होते, आणि ती चर्चच्याच इतिहासातून येते.

१९२६ साली अमेरिकेत 'चांगली संतती' निपजवण्याच्या विचारावर उत्तम प्रवचन देणाऱ्या धर्मोपदेशकांसाठी स्पर्धा भरली होती. व्यासपीठावरून सांगितलं गेलं की दुबळ्यांची पैदास थांबली तर देवाचं राज्य जवळ येईल. जर्मनीत त्याच विचाराचं टोक गाठलं गेलं. तिथे अपंग आणि मनोरुग्ण माणसांना सरकारी मोहिमेत ठार केलं गेलं. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी चर्चमधून त्याविरुद्ध उघड आवाज उठवला. त्या महिन्यात ती मोहीम जाहीरपणे थांबली, जरी छुप्या हत्या चालूच राहिल्या. चर्च दोन्ही बाजूंना उभं राहिलेलं आहे. आपण कुठल्या बाजूला उभे राहतो, हे दर पिढीला नव्याने ठरवावं लागतं.

दुबळ्यांच्या बाजूचं एक चित्र शास्त्रात आहे. दावीद राजाच्या पंगतीला मफीबोशेथ रोज बसायचा. दोन्ही पायांनी पांगळा. त्याचे पाय बरे झाले असं शास्त्र सांगत नाही. तो राजाच्या मुलांबरोबर जेवायचा, एवढंच सांगतं.

१९९१ची ती पोर आता पस्तिशीची आहे. तिच्या एका खुब्याचं हाड झिजलं आहे, ती किंचित लंगडते. तिने बारावी केली, मंडळीच्या गायनवर्गात ती पेटी वाजवते. तिने आपणहून होणाऱ्या नवऱ्याला तपासणीला आणलं. त्याच्या रक्तात सिकलचं अक्षर नव्हतं. त्यामुळे तिची दोन्ही मुलं वाहक आहेत, आजारी कुणीच नाही, आणि दोघांनाही ते माहीत आहे.

नव्या उपचाराची बातमी मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मिळाला असता तर मी घेतला असता, सिस्टर. दुखणं कुणाला हवं असतं?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी जन्मलेच नसते तर घेतला कुणी असता?"

मी निवृत्त झाले तेव्हा दवाखान्याने तिला माझ्या खोलीत बसवलं. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले. खणात तेच दोन अर्धे चिंचोके होते. समोर एक नवं जोडपं बसलं होतं, घाबरलेलं. तिने चिंचोके त्या मुलीच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "टाक. भिऊ नको. काहीही पडलं तरी मी इथेच आहे."